कवळी

सटाण्यात, स्टँडच्या मागच्या बोळात,
खताचं दुकान आणि झेरॉक्स यांच्या मधोमध
दहा बाय बाराची माझी खोली.
मी डॉक्टर नाही. डॉक्टर पुढे, रस्त्यावर बसतात.
मी फक्त कवळ्या करतो.

ताहाराबाद, जायखेडा, डांगसौंदाणे, अंतापूर.
यातल्या निम्म्या गावांत मी पाऊल टाकलेलं नाही,
पण तिथल्या बाजरीच्या भाकरी रोज
माझ्या हातच्या दातांखाली मोडतात.

नाशिकला कुणी विचारलं, कुठले तुम्ही,
मी सांगतो, सटाणा.
अच्छा, मालेगावजवळ, म्हणतात.
असू दे.
इथे चष्म्याचा नंबर निघतो, मोटार भरून मिळते,
सातबारा, साखरपुड्याची साडी, स्टँप पेपर,
घरातून रागावून निघालेली माणसं
इथेच स्टँडवर भजी खाऊन परत फिरतात.
त्यापुढचं सगळं म्हणजे, नाशिकला हलवा.
डॉक्टर हे बोलले की घरचे आधी गाडी बघत नाहीत,
एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

कौतिक आप्पा देवरे, मुल्हेर.
कवळी बसवली तेव्हा आरशात न बघता म्हणाले,
"आते डाळिंब खाऊ का, भाऊ?"
चार एकर डाळिंब, आणि नऊ वर्षं दाणा तोंडात नाही.
मी म्हटलं, बिया सांभाळा.
पुढच्या बाजाराला पिशवी भरून आणली. हसले.
मी आधी माझं काम बघितलं,
मग त्यांचं हसू.

परवा त्यांची बायको आली. एकटीच.
टेबलावर रुमालाची गाठ सोडली.
"मना तोंडमा बसतीन का?"
मी समजावलं, हिरडी ज्याची त्याची,
एकाचं माप दुसऱ्याला होत नाही.
साडीचा भाव ऐकून हलवावी
तशी तिने मान हलवली.
चारशे बाकी होते. मी नको म्हणायच्या आत
मोजून ठेवले, आणि म्हणाली, मग राहू दे इथेच;
बाजाराच्या दिवशी तसेही ते इथेच असायचे.

साडेसहाची मुल्हेर लागली होती. गेली ती.
सातला हे शहर ज्याचं त्याला परत देऊन टाकतं,
उरतो आम्ही, शटर ओढणारे.

कवळी कोरडी ठेवली की वाकते.
फळीवर एक वाटी आहे.
रोज सकाळी पाणी बदलतो.