अकरा नंबरचे बूट

ही किल्ली घे, रोझालिन. तळघरातल्या कपाटाची.
थोडी उचलून फिरवावी लागते,
कुलूप माझ्याएवढंच जुनं, आणि तेवढंच हट्टी.

वरच्या खणात शर्ट आहेत, इस्त्री केलेले.
एक निळा टाय, फक्त मुलाखतीपुरता.
तो बांधून आजवर सत्तावीस जण आत गेले,
नऊ जण हसत बाहेर आले.
क्लीव्हलँडच्या मोठ्या ऑफिसातून आकडे मागतात, ते दे.
पण बाकीच्या अठरांची नावं
या वहीत आहेत, ती आपल्यापाशीच ठेव.

खाली बूट. पोलादी नाकाचे.
जीभ उलटून बघ, पेनानं नावं लिहिलीत:
टॅगर्ट. मग थोरला मेल्व्हिन. मग कॉर्डेल.
पहिला पगार झाला की बूट परत आणायचे,
एवढा एकच कायदा आपला.

नोकरी लागते गं,
ठेच लागावी तशी, कधी कधी अगदी अवचित.
खरं काम त्यानंतर.

कॉर्डेल आला तेव्हा अर्जात
सात वर्षांची कोरी जागा होती.
"इथं काय लिहू?" म्हणाला, टेबलाकडे बघत.
मी विचारलं, तिथं आत काय करायचास दिवसभर?
"स्वयंपाक. चारशे माणसांचा."
मग तेच लिही.
तो पेन धरून बसला कितीतरी वेळ,
जणू चारशे ताटं मोजत होता.

पावाच्या कारखान्यात लागला.
पाचच्या ठोक्याला हजर,
आणि आपल्या नाक्यावरची पहिली बस पाच वीसची.
बस कंपनीला तीन पत्रं घातली.
उत्तर आलं: नोंद घेतली आहे.
नोंदीत बसून कुणी कामावर जातं का?
शेवटी चौथ्या मजल्यावरची लुडमिला,
साफसफाईला साडेचारला निघते, तिनं गाडीत घेतलं.
बदल्यात तिच्या काचेवरचा बर्फ खरवडायचा.
सौदा बोलला गेलाच नाही,
एक दिवस काच स्वच्छ दिसली, बस्स.

तिसरा आठवडा लक्षात ठेव. माणसं तिथंच गळतात.
मंगळवारी लुडमिलानं हॉर्न वाजवला, तो खाली आला नाही.
फोन बंद.
लिफ्ट नेहमीसारखी बिघडलेली,
सात मजले चढताना, खोटं कशाला बोलू,
मला आधी बूट आठवले.

दार उघडंच होतं.
तो खुर्चीत बसलेला, अंगात कोट,
बुटांच्या नाड्या घट्ट बांधलेल्या,
आणि सोफ्यावर पोरगी तापानं फणफणलेली.
दोन तास तसाच बसून होता.
कारखान्यात फोन करून
"आज येता येत नाही" असं सांगता येतं,
हे त्याला माहीतच नव्हतं.
जिथं सात वर्षं काढली
तिथं असं कुणी कुणाला सांगत नाही.

आणि मी?
मीसुद्धा सांगितलं नव्हतं.
शर्ट दिला, टाय दिला, हात कसा मिळवायचा ते शिकवलं,
एवढं साधं वाक्य तेवढं राहून गेलं.

नंबर मी लावला. फोन त्याच्या हातात दिला.
माझा हात शिवशिवत होता ओढून घ्यायला,
घेतला नाही.
तो अडखळला, थांबला, मग बोलला.
पलीकडून काय आलं ते ऐकू नाही आलं,
पण त्याचे खांदे उतरले, इंचभर.
"उद्या ये म्हणतात."
मी पोरीच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं.
त्यानं बूट काढले.

हेच ते बूट. गेल्या महिन्यात परत आले.
नाड्या नव्या घातल्यात,
शिवणींत अजून पीठ आहे, झटकू नकोस.
त्याच्या नावाखाली जागा उरलीय बघ,
दोन तरी नावं मावतील.

पाटी बाहेर लाव.
जिन्यात कुणीतरी येऊन थबकलंय,
एक पायरी खाली, परत एक वर,
हे पाय मी ओळखते.
आधी खुर्ची पुढं कर.
नाव मग विचार.