बेती, एक पूर्णांक चार

एझिकेल कुलासोच्या बहिणीने
बिस्किटांच्या डब्यातून तीन भिंगं दिली मला.
म्हापशातला स्टुडिओ बंद होऊन नऊ वर्षं झाली.
डब्यात कापूर, चार मिरी, फ्लॅनेलचा तुकडा,
आणि तरीही एकाच्या पोटात
बुरशीचं बारीक कोळिष्टक.

एक रशियन, अठ्ठावन्नचं.
एक जपानी, पन्नासचं, कोऱ्या चहाच्या रंगाचं;
ती काच आपोआप पिवळी पडते.
अकरा दिवस गच्चीवर उन्हात ठेवली,
शेजारणीच्या सोलांच्या ओळीत.
सोलं काळी झाली, काच निवळली.
आणि तिसरं रोक्कोर, एक पूर्णांक दोन,
बुरशी त्याच्यातच,
हातात घेतलं की सोललेल्या नारळाचं वजन.

तुलना करायची तर जागा एक हवी,
उजेड एक, माणूस एक,
आणि त्या माणसाला घाई नको.
बेर्नादीन बसली बेतीच्या धक्क्यावर,
मांडीवर पर्स, पायांत घरातल्याच सपाता.
तिच्या पाठीशी मांडवी,
मांडवीपलीकडे पणजी एकेक दिवा लावत होती.

रशियनाने नदी गरगर फिरवली.
माड, होड्या, जुगाराच्या बोटींची रोषणाई,
सगळं तिच्या डोक्याभोवती
रवीने घुसळावं तसं.
सुंदर, पण जरा प्यायलेलं.

जपान्याने दिवे गोल केले, भरीव, कडा मऊ,
पोदेराच्या टोपलीतून आत्ताच उतरलेले.
चौकटीच्या कोपऱ्यांत मात्र ते चेपले,
तिसऱ्यांच्या शिंपल्यांसारखे,
मध्याभोवती कडं करून.

रोक्कोरने डाव्या डोळ्याच्या पापण्या तेवढ्या ठेवल्या.
कानातलं कुडूक आधीच धुक्यात,
आणि पणजी म्हणजे नुसती सोलकढी.

मी वहीत लिहीत होतो:
गोलाई. कडा. कांद्याच्या चकत्या नाहीत,
त्या हल्लीच्या भिंगांत.
"दाखय," ती म्हणाली.

तिने कॅमेरा हातात घेतला,
पडद्यावर अंगठ्याने स्वतःचा चेहरा झाकला
आणि उरलेलं पाहिलं.

"हें कितें?"
पणजी, मी म्हटलं.
"पणजी खंय?"

एझिकेलकडे लोक येत
ते कशाच्या तरी पुढे उभे राहायला.
नवी स्कूटर, मुलाची सायकल,
कुवेतहून आलेला फ्रिज.
फ्रिजवरचं नाव वाचता आलं नाही तर पैसे परत.
ही भिंगं त्याने एका तारवट्याकडून घेतली
आणि गिऱ्हाइकावर कधीच पूर्ण उघडली नाहीत.
दुकान बंद केल्यावर
समोरच्या पेट्रोल पंपाचे दिवे काढायचा म्हणे, रात्री,
माणूस नाही, काही नाही, नुसते दिवे.
तो गेल्यावर तिने ती पाकिटं उघडली,
खराब आलेत समजून
कचऱ्यात टाकली.

"म्हजें तोंड म्हाका खबर आसा," ती म्हणाली.
"फाटलें दिसूंक जाय."

मी कडं सोळावर फिरवलं.
कॅमेरा दोराच्या वेटोळ्यावर टेकवला,
दोन सेकंद हलू नको म्हटलं.
पहिल्याच सेकंदाला फेरीचा भोंगा वाजला
आणि तिने मान वळवली.

फोटोत पणजी खिडकीन् खिडकी वाचता येते.
बोटीचं नाव. एका गच्चीवर वाळत घातलेलं काहीतरी.
बेर्नादीन तेवढी दीड.
तिला तो आवडला, मोठा करून हवा म्हणाली.

मग माणसं उतरत असताना, मोटारसायकली सुरू होत असताना,
ती मागे मागे जात राहिली पडद्यावर,
रशियन एकदा ओलांडलं, पुन्हा आली,
दुसऱ्यापाशी थांबली. जपानी.
अंगठा परत चेहऱ्यावर.

"अशेच आशिल्ले," ती म्हणाली.
"हांवें उडयले ते."