दोनशे आठव्या पानापुढे

वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असते,
आणि पंखा ढोसून सुरू करायची काठी.
बोरीकाठचं गाव, अमळनेरहून एसटीने पाऊण तास.
माणसं पेपरपुरती यायची,
कापसाचा भाव बघून जायची.

मग गोणपाटाखालून हे पुस्तक निघालं.
कव्हर गेलेलं, नाव उंदरांनी नेलेलं.
शेवटचं पान दोनशे आठ,
त्यावर एक बाई फलाटावर उभी:
एका हातात तिकीट,
दुसऱ्यात नवऱ्याची तार.
लांबून गाडीचा धूर दिसतोय.
पुढे नुसता शिवणीचा दोरा.

पहिल्यांदा नेलं सुपडू न्हाव्याने,
गिऱ्हाईक नसताना वाचायला.
तिसऱ्या दिवशी तो गिऱ्हाईक असतानाही वाचत होता.
निंबा आप्पांची एक मिशी
दुसरीपेक्षा बारीक झाली, ती त्याच आठवड्यात.
आप्पा ओरडायला उठले
आणि ऐकत बसले.
"मंग? गई का ऱ्हायनी?"

आमच्याकडे भांडणंसुद्धा ठरलेली असतात.
कपबशीवाले या पारावर, शिट्टीवाले त्या.
दूध घालायची डेअरी वेगळी,
नळाला पाणी सुटायची वेळ वेगळी,
पंगतीत वाढपी कोण ते बघून माणसं बसतात.
आपण कुठे उभं राहायचं
हे पोरांना पाळण्यातच कळतं.

पण ही बाई कुठल्याच पॅनलची नव्हती.
कपबशीचे झुलाल बापू म्हणाले, तिनं जायलाच हवं.
शिट्टीचे हिरामण सर म्हणाले, बरोबर आहे.
आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं,
चुकून एकाच शेतात बैल सोडल्यासारखं.

फूट पडली ती बापूंच्या घरात.
सून म्हणाली, तार खोटी आहे.
सासू म्हणाली, तुला गं काय माहीत तार?
आणि मग तिनंच सांगितलं,
तिला एकदा आलेल्या तारेबद्दल,
जे त्या घरात आजवर कोणालाच ठाऊक नव्हतं.
त्या रात्री भाकरी करपली म्हणतात.

जैबूनबी पिंजारीणीला अक्षरओळख नाही.
ती गादीत कापूस भरते, नातू वाचून दाखवतो.
तिनं निरोप पाठवला:
तिकीट जायचं होतं की यायचं?
दुकानात सगळे गप्प.
सुपडूने साबणाचे हात पुसले, पान उघडलं.
लिहिलेलंच नव्हतं.
इतक्या शिकलेल्या माणसांनी
ते तिकीट वाचलंच नव्हतं.

मागच्या चिठ्ठीवर एकच जुनी तारीख,
बारा मार्च शहाऐंशी, सभासद एकवीस.
रजिस्टर झटकलं: सुभद्राबाई देवचंद शिंपी.
आता उधन्याला, लेकाकडे.
स्पीकर लावून फोन केला,
कपबशी आणि शिट्टी एकाच मोबाइलवर वाकलेली.

"माले याद नही, भाऊ."
मग जरा थांबून म्हणाली,
तेव्हा तिची आणि जावेची बोलाचाल बंद होती.
जावेला वाचता येत नव्हतं.
शेंगा फोडताना ही थोडं थोडं सांगायची,
भिंतीला सांगितल्यासारखं,
आणि जाऊसुद्धा भिंतीलाच विचारायची,
मग पुढे?
शेवट होईपर्यंत दोघी
एकमेकींकडे बघून बोलायला लागल्या होत्या.
म्हणून शेवट लक्षात राहिला नाही.

फोन ठेवला. कोणी काही बोललं नाही.
हिरामण सरांनी बापूंना तंबाखू दिली,
बापूंनी घेतली. एवढंच.

नळाला पाणी अजून दोन वेळांना सुटतं.
निवडणूक येईल, भोंगे लागतील,
मी काही भाबडा नाही.
पण रजिस्टरात सतरा नावं वाट बघतायत,
आणि दिवे गेले तरी
आठच्या आत कोणी उठत नाही.

काल सुपडू आला, वस्तरा खिशातच.
म्हणाला, याच्यासारखं अजून एखादं दे,
शेवट नसलेलं.
म्हटलं, बाकी सगळ्यांना शेवट आहे रे.
त्यानं कपाटाकडे नीट पाहिलं,
दाराकडे पाहिलं,
आणि आवाज खाली आणून म्हणाला,
"मंग फाडी टाक ना."