साडेसात नॉट

नोंद अशी आहे:
बांधणी क्लाइडच्या काठी. जलावतरण ऑक्टोबर एकेचाळीस.
वजन बाराशे टन. नाव: उल्हास.
नकाशावर बोट फिरवत कुणा साहेबाने
आमची नदी उचलली असणार,
गाळ, खाजण, चिखलातल्या निवट्यांसकट,
आणि सोडली त्या पाण्यात, जिथे बर्फ पडतो.

कोलशेतच्या हाशा गोमा मढवीला
भरतीच्या टेबलावर जहाजाचं नाव सांगितलं
तेव्हा तो म्हणे हसला होता: "आपलीच खारी ती."
स्टोकर, दुसरी श्रेणी. उंची पाच फूट तीन.
पोहता येते काय: होय.

संरक्षक जहाज म्हणजे काय, हे मला
आजोबांनी नाही, दाऊद डोलारेंनी सांगितलं.
कौशाहून यायचे, ईदच्या दुसऱ्या दिवशी, डबा घेऊन.
लढाईत ते वर, झेंड्यांपाशी. आजोबा खाली, बॉयलरपाशी.
"आपल्या पोटात माल नसतो, पोरी.
गहू दुसऱ्याचा, तेल दुसऱ्याचं, माणसं दुसऱ्याची.
आपण नुसतं बाजूनं चालायचं.
आणि वेग कुणाचा? ताफ्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बोटीचा.
आपण अठरा नॉट पळू.
ती साडेसात, तर साडेसात."

मुंबई ते बसरा: निघाली एकवीस, पोचली एकवीस.
कोलंबो ते एडन: निघाली चौतीस, पोचली चौतीस.
पानंच्या पानं अशी.
काही न घडणं हेच काम होतं
आणि ते कुणीतरी सुबक अक्षरात लिहून ठेवलंय.

मग मार्च चव्वेचाळीस.
निघाली एकोणतीस. पोचली सत्तावीस.
शेऱ्याच्या रकान्यात:
पाणबुडीचा माग. पाणबॉम्ब चौदा. परिणाम अनिश्चित.

दाऊदचाचांनी पाहिली
तेलाने काळी झालेली डोकी,
ऐकल्या शिट्ट्या,
एक हात वर, जणू बस थांबवतोय.
खाली पाणबुडी असताना थांबायचं नाही, असा नियम.
आजोबांनी काहीच पाहिलं नाही.
खाली फक्त घंटा येते: पुढे. अर्धा वेग. पूर्ण वेग.
हातात चिंधी घेऊन ते उभे राहिले
"थांबा"च्या घंटेसाठी कान लावून.
पत्र्याच्या पलीकडे, कानाच्याच उंचीवर, समुद्र.
काहीतरी घासत गेलं.
लाकूड असेल.
लाकूडच असेल, असं चाचा दर वर्षी म्हणायचे,
आणि आजोबा दर वर्षी डब्याचं झाकण लावायचे.

सेहेचाळीसच्या फेब्रुवारीनंतर एक शिक्का:
सेवेची गरज नाही.
त्याबद्दल मात्र दोघं खुशीत बोलत,
कॅप्टनची बशी कुणी फोडली यावर भांडत.

जहाज छप्पन्न साली भंगारात. किती रुपयांना, ते पुसट झालंय.

आजोबा खाडीत पुन्हा उतरले नाहीत.
मासे भावांनी मारले,
हे बाळकुमच्या गिरणीत, परत बॉयलरवरच.
पण घरी आलेलं माणूस रात्री एकटं परत गेलं नाही कधी.
आधी कंदील, पुढे विजेरी,
बाजूने, अर्धं पाऊल मागे,
नाक्यापर्यंत.
पाहुण्याच्या पायांचा जो वेग तोच यांचा.
"पोचवून येतो," म्हणायचे.
आमच्याकडे हा शब्द दोन कामांना वापरतात.

त्या वाटेवर आता चाळीस मजले आहेत,
खाडी पत्र्याच्या कुंपणामागे,
ओहोटीला वास येतो तेवढीच.

आजोबांना पोचवलं तेव्हा
दाऊदचाचा काठी टेकत आले होते.
खांदेकऱ्यांना कुणी काही सांगितलं नाही,
तरी तिरडी त्यांच्याच पावलांनी चालली,
मागे टेंपो हॉर्न देत राहिले.
परत येताना नाक्यावर
चाचा थांबले आणि माणसं मोजू लागले.
मग पुन्हा एकदा, पहिल्यापासून.