अक्षरामागं अकरा रुपये

जतच्या पूर्वेला, उमदीकडं जाताना,
पिवळ्या पत्र्यावर गावांची नावं काढायचं काम.
अक्षरामागं अकरा रुपये. काना-मात्रा फुकट.

दस्तगीर मुजावर शिडीवर, मी खाली डबा धरून.
"बुद्रुक म्हणताना जरा मान लववत जा," तो म्हणायचा,
"बुजुर्ग आहे तो. फारसीतून चालत आला,
वाटेत दात पडले, म्हणून असा ऐकू येतो."
खुर्द म्हणजे धाकटा.
धाकट्याकडं आता पेट्रोलपंप, बँक, दोन बेकऱ्या.
थोरल्याकडं चिंच आणि कुलूप लावलेली शाळा.
पत्र्यावर मात्र थोरलाच
अकरा रुपयांनी महाग.

पुढं कोळेकर वस्ती.
कुणी कोळेकर मेंढरं घेऊन रातीपुरता टेकला,
वस्तीला राहिला, एवढंच.
पहाटे एक मेंढी अडली,
मग बायकोचे दिवस भरले,
मग विहिरीला पाणी लागलं.
आज बत्तीस उंबरे.
साडेनऊची एसटी येते तीही वस्तीलाच;
ड्रायव्हर टपावर झोपतो, पाचला निघून जातो.
शब्द एकच.
एकाला उठायचं ध्यानात राहिलं.

साहेबांच्या यादीत सगळे 'मार्ग'.
मार्ग म्हणे मृगाचा: हरीण पुढं, माणूस मागं.
यादीत नुसता क्रमांक.
'वाट' कुठंच लिहायची नव्हती.
तिच्या पोटात वळण असतं,
शाळेतले गुरव मास्तर सांगायचे,
वळली नाही तर ती वाट कसली.

शेवटचा फलक निंगव्वाच्या घरापाशी.
तिच्या परड्यापलीकडं कर्नाटक.
खांबासाठी खड्डा घेतला तशी ती ओरडली,
"दारी बिडप्पा!"
मी दाराकडं बघितलं. दार तर सताड उघडं.
दस्तगीर शिडी ठेवून हसत बसला:
"येड्या, दारी म्हणजे रस्ता तिच्यात.
रस्ता सोड म्हणतीय."
खांब हातभर बाजूला घेतला.
नाव लिहून झालं, हळ्ळीतला ळ जरा फुगला.

रॉकेलनं हात पुसत होतो.
ती अजून उंबऱ्यावरच,
कपाळावर पंजा धरून.
"कुणासाठी गं, आज्जी?"
"मगन दारी नोडाकत्तीनी."

मग, म्हणजे लेक.
दस्तगीरनं सांगायला तोंड उघडलं.
मी म्हटलं, राहू दे. कळलं.
आमच्यातही तिकडंच बघतात.