तो कोणावर ओरडतो

सामार बेटाच्या ज्या कडेवर पॅसिफिक येऊन आदळतो
तिथे माझी शाळा.
मतदानाला इथे शिक्षकच बसवतात.
म्हणून सकाळी सातपासून चौथीच्या बुटक्या बाकांवर
गुडघे पोटाशी घेऊन अख्खं गाव
नावापुढचे गोल रंगवत बसलेलं,
फळ्यावर कालचा साताचा पाढा तसाच,
आणि वाळत घातलेल्या मासळीचा वास
मतपत्रिकांनाही लागलेला.

डेल्फिन ओब्लेपियास, नगराध्यक्ष.
ही त्याची पाचवी खेप. मध्ये कायदा आडवा आला
तेव्हा तीन वर्षं पाटीवर बायकोचं नाव लावलं,
खुर्चीतला खड्डा त्याच्याच मापाचा राहिला.
जत्रेत मंचावरून तो आम्हाला
बादलीतले खेकडे म्हणाला होता
आणि आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या,
प्रत्येकजण आपल्या शेजाऱ्याकडे बघत.

म्हातारी लुरिंग आली. तिचं बोट धरून
मी शाई लावली. नखात माशाचे खवले.
विचारायचं नसतं, तरी हळूच विचारलं,
गेल्या वर्षी कचेरीत त्याने तुला भिकारीण म्हटलं ना,
सगळ्यांदेखत?
म्हटलं की, म्हणाली.
पण शहरातल्या हॉस्पिटलात बिलापायी
माझ्या माणसाचं प्रेत अडकवून ठेवलं होतं,
तेव्हा फोनवरून तिथल्या साहेबाला त्याने जे ऐकवलं
ते तू ऐकायला हवं होतंस, बाई.
मला दिलेली शिवी त्यापुढे काहीच नाही.
दुपारपर्यंत प्रेत होडीत होतं.

त्याच्यासमोर उभी होती फ्लोर्देलिसा ताबोसो, शेतकी खात्यातली.
दोन्ही हातांत हात घेऊन बोलायची,
पोरांची नावं लक्षात ठेवायची,
एखादं चुकलं तर माफी मागायची.
चांगली आहे, सगळे म्हणायचे. अगदी आपल्यासारखी.
आणि तिथेच तिचं घोडं पेंड खायचं.
नम्रपणाने काय होतं
हे आम्हाला कुणी शिकवायला नको.
जन्मभर तोच घेऊन उभे राहिलोय
प्रत्येक खिडकीपुढे,
खिडकी जेवायला जाईपर्यंत.

मी यांच्यातली नाही असं मला वाटायचं.
वादळाने शाळेचं छप्पर नेलं
तेव्हा मी त्याच्या दारात चार तास बसले होते.
आत बोलावलं. तो पपई खात होता.
बिया ताटलीत थुंकत म्हणाला,
बाई, तुझी ही पोरं शिकून काय होणार?
माझे ड्रायव्हर.
मी हसले.
कुणी सांगितलं नव्हतं, तरी हसले.
पत्रे आठवड्यात आले,
आतल्या बाजूने त्याचं नाव रंगवलेले.
पोरं मान वर करून त्याचंच स्पेलिंग आधी शिकली.

चार वाजता, सगळे गेल्यावर, माझी मतपत्रिका.
पेन सुकत आलं होतं. दाबून दाबून गोल भरला.
कोणाच्या नावापुढचा, ते यंत्रालाच माहीत.
नाही, हे खोटं झालं.
मलाही माहीत आहे.

दोन दिवसांनी वर्गात जोमार बाकावर चढला
आणि त्याची नक्कल केली, पोट पुढे, बोट पुढे:
खेकड्यांनो!
सगळे हसले. ज्याच्या नाकावर बोट होतं
तो बारका एफ्रेन सगळ्यांत मोठ्याने.
मी पट्टी टेबलावर आपटून ओरडले,
अशा आवाजात, जो माझ्या घशात
कधी येऊन राहिला होता देव जाणे.
वर्ग चिडीचूप.
पहिल्याच फटक्यात.
नऊ वर्षं मी या पोरांच्या विनवण्या करत आले.

बरं वाटलं.
ते बरं वाटणं ओसरेपर्यंत
मी पट्टी हातातच धरून उभी होते.