खर्चाबाबत आदेश नाही

शेवटच्या पानावर, सहीच्या वरती एवढीशी ओळ:
याचिका मंजूर. देश सोडण्याचा हुकूम रद्द.
खर्चाबाबत आदेश नाही.

वकीलसाहेबांनी पेढा तोंडात टाकला
आणि म्हणाले, पागनीस, हिशेब काढा.

मी हिशेब काढतो. एकोणतीस वर्षं तेच करतो,
इंदूर हायकोर्टाच्या मागल्या गल्लीत, जिन्याखालच्या टेबलावर.
कोर्ट-फी. वकालतनामा. शपथपत्रं चार, नोटरी दर वेळी.
झेरॉक्स बाराशे चाळीस पानं,
कारण सरकारला प्रत्येक कागद तीनदा हवा असतो
आणि तिन्ही वेळा तो सापडत नाही.
पेशी सतरा. त्यातल्या अकरा नुसत्या तारखा.

वहीत बसत नाही ते असं:
दर सोमवारी पोलिसांत हजेरी,
सिंधी कॉलनीतून रिक्षा, जाऊन-येऊन.
त्या सोमवारी न लाटलेले पापड.
सियागंजच्या व्यापाऱ्यानं दुसरीकडे वळवलेली ऑर्डर.
मुलीचं नववीचं वर्ष.
दोन बांगड्या, त्यातली एक सासूची,
घोटकीहून निघताना पिठाच्या डब्यात ठेवलेली,
अटारीला कस्टमवाल्यानं पाहून न पाहिल्यासारखी केलेली.
ती सराफ्यात गेली, मार्चमध्ये.

आणि सरकारचा खर्च?
तो खजिन्यातून गेला.
तिच्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या काळ्या कोटाला
थोडे पैसे तिनंच दिले म्हणायचे,
साबणाच्या वडीवर, मोबाइलच्या रिचार्जवर.
हे मी साहेबांना बोललो.
ते म्हणाले, पागनीस, तुम्ही मुन्शी आहात, तेवढंच राहा.

राहिलो असतो.
पण पेपरबुकात, पान एकशे सात,
मुदतवाढीचा जुना अर्ज.
पासपोर्टवर नाव: पारपती.
अर्जावर नाव: पार्वती.
दोन नावं म्हणजे दोन बायका, म्हणजे एक खोटी,
म्हणजे तीस दिवसांत चालती हो.
हुकुमाचा सगळा डोलारा त्या एका अक्षरावर.

तो अर्ज माझ्या टाइपरायटरचा. वरचा दात घासलेला 'र' मी ओळखतो.
दिवसही आठवतो. हरतालिका होती,
घरी वाळूची पिंड, मला निघायची घाई.
ती म्हणाली, पारपती.
मी मनात म्हटलं, बिचारीला स्वतःचं नाव धड सांगता येत नाही,
आणि सुधारलं.
वडील शाळेत मराठी शिकवायचे,
शुद्धलेखनाची आमच्याकडे भारी हौस.
सुधारण्याचे मी तिच्याकडून चाळीस रुपये घेतले.

निकालात लिहिलंय: कारकुनी चूक, हेतू वाईट नाही.
कुठला कारकून, ते कुणी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही. सतरा पेशा
तिच्या शेजारच्या बाकावर बसून होतो.

आज ती आली. मुलगी बरोबर.
रुमालात गुंडाळलेल्या नोटा, लसणीच्या पापडांचं पुडकं.
मी टायपिंग खोडलं. मुन्शियाना खोडला.
ते चाळीस रुपये वजा घातले, कशाचे ते न लिहिता.
एवढ्यानं काय फिटतं? चाळीस रुपये फिटतात.

पावती पक्की देना, भाऊ, ती म्हणाली.
कुणाच्या नावे? सवयीनं तोंडातून गेलं.

ती हसली नाही.
अक्षर अक्षर सुटं करून,
बालवाडीतल्या पोराला सांगावं तसं म्हणाली:
पा. र. प. ती.

मी लिहिलं. वही तिच्याकडे फिरवली.
तिची लिपी उजवीकडून चालते, ही तिला येत नाही.
मुलगी वाकली, बोट ठेवून वाचलं,
पुन्हा एकदा वाचलं,
आणि आईकडे बघून मान हलवली.

मग ती पैसे मोजू लागली.